हेमांगीचा सा

हेमांगीनं फोन उचलला की पलीकडचा अनोळखी माणूस हमखास विचारायचा, "ताई, आई आहेत का घरात?" हेमांगी माझी बायको. साठीला टेकली आहे, जिना चढताना कठड्याला धरते, नात्यात अर्ध्या गावाची मामी नाहीतर काकी लागते. आवाज मात्र चाळिशीतला, खणखणीत. सुरुवातीला आम्हाला याची गंमत वाटायची. "आई देवळात गेल्यात," असं सांगून ती फोन ठेवायची आणि आम्ही दोघं हसायचो. मग हळूहळू तिनं फोन उचलायचंच सोडून दिलं.

मी सुहास शेडबाळे, मिरजेचा पेटीवाला. गाणाऱ्यांच्या शेजारी बसून जन्म गेला. पेटीवाल्याला आयुष्यात एकच प्रश्न विचारायचा असतो, पट्टी कोणती? समोरचा सांगेल ती आपली. त्यात मान नाही आणि अपमानही नाही. लग्नातही माझं हेच धोरण राहिलं आणि ते बरं चाललं.

ज्यांचा गाण्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सा हा आभाळातून पडलेला ठरावीक सूर नाही. प्रत्येक गाणारा आपल्या गळ्याला झेपेल तो सूर सा मानतो आणि बाकीचे सूर त्यावरून मोजतो. पेटीवर तो जिथं सापडतो ती त्याची पट्टी. बायकांची साधारण काळी चारच्या, म्हणजे सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीच्या आसपास, पुरुषांची बरीच खाली, काळी एकच्या आसपास. एकदा सा धरला की गाणं संपेपर्यंत तो हलत नाही, म्हणून त्याला अचल म्हणतात. सा आणि प, हे दोनच सूर अचल. बाकीचे कोमल होतात, तीव्र होतात, या दोघांना ती मुभा नाही. हेमांगीची पट्टी काळी चार. तिच्याकडे मुलगे शिकायला यायचे त्यांची काळी एक. गुरूचा सूर वर, शिष्याचा खाली, मग शिकवायचं कसं? ती त्यांना सांगायची, माझा सा तो तुझा प, तिथून खाली उतर आणि तुझ्या घरी जा. पोरं पहिल्यांदा गोंधळायची, मग सरावायची.

पंचेचाळिशीच्या सुमारास तिच्या मानेत गाठ झाली. गाठ काढली, जीव वाचला, पण गाठीनं वेढलेले स्वरयंत्राचे दोन्ही मज्जातंतूही गाठीबरोबर गेले. उरली नुसती फुंकर. ती बोलायला लागली की दिवा विझवल्यासारखा आवाज यायचा.

त्याच सुमाराला गळ्यात बसवायची यंत्रं निघाली. चवळीच्या दाण्याएवढं यंत्र. मेंदू 'हा सूर लाव' असा हुकूम सोडतच असतो, फक्त वाटेतली तार तुटलेली असते. यंत्र तुटलेल्या टोकाशी बसून तो हुकूम ऐकतं आणि पलीकडच्या बारीक स्नायूंना विजेचे हलके झटके देऊन स्वरतंतू हवे तितके ताणतं. हुकूम फार अस्पष्ट येतो, त्यामुळे यंत्राला अंदाज करावा लागतो. आणि अंदाज करायचा तर कुठून तरी मोजायला हवं. हेमांगीच्या यंत्रात ती मोजायची जागा म्हणजे तिचा सा.

आता यात आमची मुलगी येते. शर्वाणी. तिला गाणं कळायचं पण आवडायचं नाही, आणि आईला यातलं दुसरंच जास्त झोंबायचं. ती पुण्याला संगणकाचं शिकली आणि 'मात्रा' नावाची भाषा बनवणाऱ्या चमूत गेली. शरीरात बसवलेल्या कुठल्याही यंत्राला काय हवं-नको ते ज्याचं त्यानं आपल्या मराठीत लिहून द्यायचं, यासाठी ती भाषा होती. कान असो, हृदय असो, गळा असो, नियम रुग्णानं लिहायचे.

मात्रामध्ये तेव्हा एक गोष्ट नव्हती. काही आकडे बनवणाऱ्यांनी स्वतःच कायमचे आत घातले होते. वर्तुळाचा परीघ व्यासाच्या किती पट असतो, यंत्रानं किती विजेच्या वर जायचं नाही, असले. ते स्थिरांक. रुग्णानं लिहिलेला प्रत्येक आकडा मात्र चल, म्हणजे यंत्र शिकत गेलं की तो आपोआप सरकणार. साखरेच्या रुग्णांना हे फार मानवलं. हेमांगीच्या गळ्यात मात्र त्यानं उच्छाद मांडला. शेजारच्या मगदूमवहिनींनी चटणीसाठी मिक्सर लावला की यंत्राला वाटायचं हाच तानपुरा, आणि बाईसाहेबांचा सा मिक्सरच्या सुरात जाऊन बसायचा. एका मैफलीत मांडवामागचा जनरेटर सुरू झाला आणि तिचा मारवा कुठल्या कुठे गेला. मी पेटीवर तिच्यामागे धावत होतो. रसिकांना वाटलं काहीतरी नवा प्रयोग आहे.

घरी आल्यावर तिनं शर्वाणीला फोन लावला. मला माझा सा कायमचा लिहायचाय, त्याची सोय कर, म्हणाली. शर्वाणीनं सांगितलं की तशी सोय नाही आणि आपण ती देणारही नाही. दोघीही माझ्याच घरातल्या, त्यामुळे पुढं काय झालं ते वेगळं सांगायला नको. हेमांगीनं भाषेच्या समितीकडे अर्ज केला. रुग्णाला स्वतःचे स्थिरांक ठरवू द्यावेत की नाही, यावर पुण्यात जाहीर सुनावणी ठेवली गेली. एका बाजूला चमूतर्फे मुलगी, दुसऱ्या बाजूला रुग्णांतर्फे आई. मी मधल्या रांगेत, दोघींचे डबे मांडीवर घेऊन.

शर्वाणी थोडंच बोलली. "निसर्गाचे स्थिरांक बदलत नाहीत, कारण ते कुणी ठरवलेले नसतात. माणूस ठरवतो तो स्थिरांक नसतो, तो त्याचा आवडता आकडा असतो. आवड बदलते, शरीर बदलतं. ज्यातून माघार नाही अशी गोष्ट मी माणसाच्या हातात देणार नाही, माझ्या आईच्यासुद्धा."

हेमांगी उठली. "यंत्र माझ्या गळ्यात आहे. त्यातली एक तरी गोष्ट माझ्या शब्दावर थांबायला नको का? सा अचल असतो. हे मला परकर नेसायच्या वयात शिकवलंय, आणि ते शिकवायला संगणक लागला नव्हता."

सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, डबे सांभाळून. समिती हेमांगीच्या बाजूनं गेली.

या स्थिरांकाची रचना अशी होती. यंत्राच्या चिपमध्ये केसाहून बारीक धातूचे पूल असतात. ज्यातून जादा वीज सोडावी तो वितळून तुटतो, आणि तुटलेल्या-शाबूत पुलांच्या ओळीतून आकडा लिहिला जातो. वितळलेला पूल पुन्हा सांधता येत नाही. हे मुद्दामच तसं ठेवलं होतं. शरीरातला आकडा बाहेरून बदलता आला, तर उद्या एखादा भामटा दूर बसून कुणाचाही गळा आवळेल. म्हणून नियम केला की स्थिर म्हटलेलं बनवणाऱ्यालाही बदलता येता कामा नये. आणि यंत्रच काढून नवं बसवावं, तर त्याच्या तारांभोवती उरलेसुरले तंतू वाढून एकजीव झालेले. ओढायला गेलं तर तेही जाणार.

हे सगळं शर्वाणीनं आईला पुन्हा एकदा समजावून सांगितलं आणि मग तिच्याच हट्टावरून स्वतःच्या हातानं ती ओळ टाइप केली, स्थिर सा = काळी चार. त्यावर हेमांगीनं सा लावला. असा सरळ, असा भरीव सा मी तिच्या तरुणपणीही ऐकला नव्हता. मला रडू आलं. शर्वाणी लॅपटॉप मिटून बाहेर चहा प्यायला गेली.

पुढची वर्षं चांगली गेली हे कबूल करायला हवं. मैफली झाल्या, शिष्य झाले. मिक्सर लागो, फटाके फुटोत, हेमांगी जागची हलत नव्हती. बाहेरच्या जगातही स्थिरांकांची टूम निघाली. माणसाच्या हातात कायमची गोष्ट दिली की तो काय करेल याचा नेम नाही. कागलच्या एका गृहस्थांनी वाटणीच्या भांडणात, कानातल्या यंत्रात सख्ख्या भावाचा आवाज कायमचा गाळून टाकला. पुढं भांडण मिटलं. आता दोघे भाऊ रोज संध्याकाळी एका झोपाळ्यावर बसतात, थोरला बोलतो आणि धाकटा त्याच्या ओठांकडे बघत राहतो.

आमच्या घरात काय घडतंय ते मला उशिरा कळलं. यंत्र नुसता गाण्याचा सूर नव्हतं सांभाळत, बोलण्याचाही सांभाळत होतं. प्रत्येक वाक्य काळी चारवर सुरू होई, जरा खालीवर फिरून काळी चारवर येऊन टेके. हेमांगीला कुजबुजता येईना. आवाज खाली आणून समजूत घालता येईना. जयसिंगपूरला तिचा भाऊ वारला, तेव्हा तिनं वहिनीला जवळ घेतलं आणि म्हणाली, "वहिनी, मी आहे ना." ते असं निघालं, की बक्षीस समारंभात नाव पुकारतायत. वहिनी दचकून मागं सरली. हेमांगी बाहेर येऊन गाड्यांच्या मध्ये उभी राहिली. त्यानंतर ती सांत्वनाला कुणाच्याच दारावर गेली नाही.

आणि शर्वाणी. सुनावणीनंतर तिचे फोन कमी झाले, ते मी तिच्या कामावर ढकलत होतो. एकदा मी पुण्याला गेलो असताना तीच म्हणाली, "बाबा, आई 'जेवलीस का' विचारते आणि मला ते सभागृह ऐकू येतं. तिचा आवाज त्या दिवसावर थांबलाय. तिनं कितीही मायेनं म्हटलं तरी मला तेच ऐकू येतं." मी हे हेमांगीला सांगितलं नाही. पण तिला माहीत असावं. ती मुलीला फोनऐवजी नुसते निरोप लिहून पाठवायला लागली होती.

मग घसा दुखायला लागला. डॉक्टर नायकवडींनी आत कॅमेरा घालून पाहिलं. वयाबरोबर स्वरतंतू सैल होतात, माणसाचा सा आपोआप दोनतीन पट्ट्या खाली येतो, हे त्यांच्यापेक्षा मला जास्त ठाऊक. इथं सा खाली येऊ शकत नव्हता. हेमांगी गप्प असली तरी यंत्र तिचे तंतू काळी चारच्या ताणावर धरून ठेवायचं, कारण विसाव्याची जागा तीच लिहिलेली. साठीचा गळा चाळिशीच्या खुंटीला बांधलेला. डॉक्टर म्हणाले, तंतू झिजत चाललेत. असंच चालू ठेवलं तर वर्षाच्या आत फाटतील. बंद केलं तर पुन्हा फुंकर. दोन्हीकडून आवाज जाणारच, कसा घालवायचा तेवढं तुम्ही ठरवा.

घरी येऊन ती तानपुऱ्यापाशी बसली. म्हणाली, "सुहास, माझ्याच गळ्यात मी कोंडले गेलेय." तेसुद्धा खणखणीत, काळी चारमध्ये. मला तिथं बसवेना.

मी शर्वाणीला बोलावून घेतलं. ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आली, चप्पल काढायच्या आधी आतल्या यंत्राशी जोडणारी चकती आईच्या मानेला लावली आणि लॅपटॉप उघडला. मायलेकींनी एकमेकींकडे धड पाहिलंही नाही. दुपार टळली तरी ती पडद्यासमोरच होती. आकड्याला हात लावता येत नव्हता, तो तिनं स्वतःच वितळवला होता. पण खाली आणखी एक ओळ होती, तिचीच, विश्रांती = सा. गाणारा माणूस शेवटी 'सा'वरच येऊन थांबतो, असं समजून तिनं ती लिहिली होती. ही ओळ स्थिर नव्हती. विश्रांती 'सा'च्या काही अंश खाली लिहिता येत होती.

तिनं दोन पट्ट्या खाली लिहिली. हेमांगीचा आवाज क्षणभर खाली आला आणि पुन्हा झटक्यानं काळी चारला चिकटला. तीन पट्ट्या, तेच. यंत्र आपण बरोबर ताणलंय का हे विश्रांतीचा सूर आणि सा जुळवून तपासतं, आणि सूर नीट जुळले नाहीत तर घाबरून 'सा'कडे पळतं. दोन पट्ट्या अंतरावरचे सूर जुळत नाहीत, खरखरतात. शर्वाणीनं डोकं टेबलावर टेकवलं. "तुला सांगत होते," एवढंच म्हणाली. हेमांगी काही बोलली नाही. बोलली असती तर पुन्हा तेच सभागृह झालं असतं.

ती उठली आणि माझ्या पेटीपाशी येऊन बसली. माझी करंगळी धरून तिनं काळी चारवर ठेवली, अंगठा काळी एकवर, आणि भाता मारायची खूण केली. दोन सूर एकमेकांत मिसळून गेले, कुठं शिवण दिसेना. शर्वाणीनं मान वर केली.

हेमांगीनं करंगळीखालचा सूर दाखवला. "तुझ्या यंत्राला हा सा वाटतो ना? वाटू दे. मी याला प म्हणेन. पोरांना आयुष्यभर हेच सांगत आले, ते मला स्वतःला कधी सुचलं नाही. प पण अचलच असतो गं."

शर्वाणी पाहतच राहिली. सा आणि त्याचा प यांच्याइतके कुठलेच दोन निराळे सूर जुळत नाहीत, हे भौतिकशास्त्रातही तसंच आहे, कंपनांचं प्रमाण तीनास दोन. आकडा जिथल्या तिथं राहणार होता. पण तो आता मुक्कामाचं घर नव्हता, वाटेतलं ठाणं होतं. मला बरं वाटलं, आणि मग नजर अंगठ्याखालच्या पट्टीवर गेली. काळी एक म्हणजे पुरुषाची पट्टी. दोन पट्ट्यांनी उतरणारी साठीची हेमांगी मला मिळणार नव्हती. माझ्या बायकोचा आवाज आता एकदम काळ्या-पांढऱ्या मिळून सात पट्ट्या खाली जाणार होता, आणि वर राहायचं नाहीतर तिथं जायचं, मधली जागाच नव्हती.

शर्वाणीनं ओळ लिहिली, विश्रांती = सा × २/३. मग तिचं बोट थांबलं. पडद्यावर विचारत होतं, चल की स्थिर?

चल ठेवली तर यंत्र पुन्हा शिकणार, सरकणार, मिक्सरला फसणार. ते तिला माझ्याहून जास्त ठाऊक होतं. पण ती म्हणाली, "आई, स्थिर करू या." आणि तिचा चेहरा लहान झाला. "निसटलं तर परत वर जाईल. तंतू आधीच झिजलेत. मला नाही बघवणार." सुनावणीत उभी राहिलेली माझी मुलगी, आणि ती हे म्हणत होती.

हेमांगीनं तिचं बोट हातात घेतलं, जसं मघाशी माझं घेतलं होतं, आणि 'चल'वर ठेवून दाबलं.

काही वेळ काहीच झालं नाही. मग हेमांगीचे खांदे खाली आले. किती वर्षं ते वर उचललेले होते हे मला त्या वेळी दिसलं. तिनं श्वास सोडला, शर्वाणीच्या विस्कटलेल्या केसांवरून हात फिरवला आणि विचारलं, "जेवलीस का?"

जाड, खालचा, थोडा घोगरा आवाज. मी तो कधीच ऐकला नव्हता. रस्त्यात ऐकला असता तर मागं वळूनही पाहिलं नसतं. शर्वाणीनं "नाही" म्हटलं आणि आईच्या मांडीत तोंड घालून रडायला लागली. हेमांगी तिला थोपटत राहिली. भाकरी टाकते, म्हणाली, पिठलं सकाळचं आहे, तुला आवडतं तसं घट्ट झालंय. हे सगळं हळू, जवळ, दोघींपुरतं. मला अर्धंच ऐकू आलं, आणि अर्धंच ऐकू यावं असंच ते होतं.

मी पेटी घेऊन बाजूला सरलो. अंगठा काळी एकवर ठेवून भाता हलवत राहिलो, सवयीनं. नवी पट्टी, नवी बाई. आपल्याला काय, समोरचा सांगेल ती आपली, असं मनाशी म्हणून पाहिलं. जुना आवाज आठवून डोळे भरून आले ते आलेच.

तेवढ्यात मगदूमवहिनींनी मिक्सर लावला. हेमांगीचं वाक्य मध्येच उडी मारून वर गेलं. "आणि ठेचा," एवढं काळी चारमध्ये, खणखणीत निघालं. शर्वाणी घाबरून उठली. हेमांगीनं तिला हातानं थांबवलं, मिक्सर बंद होईपर्यंत गप्प राहिली, मग खालच्या आवाजात वाक्य पुरं केलं.

मी करंगळीही काळी चारवर ठेवली, म्हणजे दोन्ही सूर हाताशी राहतील.